ठमीच्या रुळावरची बोटभर जागा

आमच्या तालुक्यात तेव्हा रेल्वेचा एक रूळसुद्धा नव्हता, आणि माझे घरमालक रेल्वेतून निवृत्त झालेले होते. रेल्वेतून असं तेच सांगत. नीट चौकशी केल्यावर कळायचं, की ती रेल्वे मुंबईच्या गोदीतली. जहाजातून उतरलेला माल डब्यांत भरायचा, ते डबे एका बुटक्या वाफेच्या इंजिनाने पुढेमागे ढकलून हव्या त्या क्रमाने लावायचे आणि तयार गाडी मोठ्या लाइनीच्या हवाली करायची. या ढकलाढकलीला शंटिंग म्हणतात. काकांनी, म्हणजे या घरमालकांनी, ती तीस वर्षं केली आणि मग रेवस बंदरापासून कोसभरावरच्या आपल्या गावी येऊन बसले. बसले म्हणजे काय, त्यांनी गावालाच शंटिंगला लावलं.

मी तळा गावची. शिक्षिकेची नेमणूक घेऊन त्या गावी पोचले, तेव्हा माझी ट्रंक डोक्यावर घेतलेला गडी माझ्यामागे होता आणि समोर फाटकात लाल झेंडी धरलेले एक उघडेबंब गृहस्थ उभे होते.

"थांबा बाई. लाइन मोकळी न्हाय."

मी थांबले. गडी सवयीने आधीच थांबला होता. दोनेक मिनिटांनी गोठ्यातून एक म्हैस निघाली, आमच्या शेजारून सावकाश रस्त्याला लागली, आणि मग हिरवी झेंडी दिसली. अंगणातून एका वेळी एकानेच जायचं, हा त्या घरचा कायदा होता. पोस्टमन, मासळीवाली, भटजी, सगळ्यांना तो लागू. म्हशीला मात्र नेहमी पहिला रस्ता, कारण तिला मागे घेता येत नाही, असं काकांचं म्हणणं होतं. मला मागे घेता येतं हे त्यांनी नुसतं बघून ठरवलं होतं.

घरात दोनच माणसं. काका आणि त्यांची मुलगी वत्सला. काकू वारल्याला बरीच वर्षं झाली होती. मला मागची खोली भाड्याने मिळाली, आणि खोलीबरोबर ठमी मिळाली.

ठमी म्हणजे गोदीतलं ते इंजिन. विलायतेहून आलेलं, चार चाकांचं, आखूड आणि गोल गरगरीत. घोड्यावर खोगीर घालावं तशी त्याच्या बॉयलरवर पाण्याची टाकी बसवलेली. चाकं जवळजवळ असल्यामुळे गोदामांच्या अरुंद कोपऱ्यांवरून ते सहज वळायचं. मेलचं इंजिन तिथून न्यायचं म्हटलं असतं, तर ते गोदामासकट बाहेर आलं असतं. पितळी पाटीवर विलायती नाव होतं, पण गोदीतल्या लोकांनी बांधा बघून ठमी म्हणायला सुरुवात केली आणि तेच टिकलं. खरी ठमी मुंबईतच राहिली. काकांनी तिची हातभरसुद्धा नसलेली प्रतिकृती ओसरीवर उभी केली होती.

आणि काय काय लावलं होतं त्या ठमीला! बॉयलर सायकलच्या पंपाच्या नळीचा. टाकी पावडरीचा डबा कापून वाकवलेली. पोटात गजराच्या घड्याळाची कमान, तिला चावी दिली की ठमी खुरूखुरू चालायची. नवे पैसे आले तेव्हा जुने भोकाचे पैसे बाद होणार म्हणून सगळं गाव कुरकुरत होतं, काका तेवढे खूश. भोकाचा पैसा हे देवाने डब्यासाठी घडवलेलं चाक आहे आणि सरकारला ते उगीच चलन वाटलं, असं ते म्हणत. इंजिनाच्या पाठीवर वाफेचा घुमट असतो. ठमीचा घुमट म्हणजे काकूंच्या कुंकवाच्या करंड्याचं पितळी झाकण होतं. ते रोज सकाळी चिंचेने घासलं जायचं. देवाची भांडी त्यानंतर.

ठमीला कुणी खेळणं म्हटलं की संपलं. मी पहिल्याच आठवड्यात म्हटलं आणि चार दिवस मला अंगणात लाल झेंडी होती. शाळेत मी मागच्या दाराने, केळींच्या आळ्यातून जात होते.

मेलच्या इंजिनाबद्दल त्यांना काडीचा आदर नव्हता. "मेल म्हंजे पावणा. येतो, जेवतो, जातो. लोक त्याला हार घालतात. पण गाडी लावली कुणी? ठमीनं. गाडी लावून द्यायची, कडी सोडायची, आन आपण यार्डात मागं फिरायचं. रडायचं न्हाय, शिट्टी मारायची." हे प्रवचन मी इतक्यांदा ऐकलं, की शाळेत पाढे म्हणून घेताना मध्येच तोंडात यायचं.

शंटिंगचा नियम त्यांनी जगातल्या सगळ्या गोष्टींना लावून पाहिला होता. जो आधी जाणार तो दाराशी, जो शेवटी जाणार तो आत. एकदा सत्यनारायणाच्या पंगतीचा कारभार त्यांच्याकडे आला. लाँच पकडायची असलेले लोक त्यांनी दाराशी बसवले, आणि सरपंचांना नेऊन पार आत, उखळाशेजारी. सरपंच रुसले. काकांनी त्यांना सरळ सांगितलं की तुम्ही विडा खाऊन गप्पा मारून सगळ्यांच्या शेवटी उठता, हे गावाला माहीत आहे, तुम्हाला दाराशी बसवलं तर अख्खी पंगत अडकेल. सरपंच त्या दिवशी हट्टाने पहिले उठले आणि पुरी न वाढून घेताच घरी गेले. पुढच्या पंगतीला मात्र ते आपण होऊन उखळाशी जाऊन बसले, कारण तिथे वाढप्याचं लक्ष जास्त जातं हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

एकदा मी शाळेच्या स्नेहसंमेलनात ठमी मांडायला लावली. तालुक्याहून पाहुणे साहेब आले, त्यांनी गाडी पुढे गेलेली पाहिली, मागे आलेली पाहिली, पुन्हा पुढे गेलेली पाहिली आणि विचारलं, की ही गोल का फिरत नाही? मुंबईच्या दुकानात त्यांनी गोल फिरणारी आगगाडी पाहिली होती. काकांनी शांतपणे ठमीला धोतराच्या सोग्यात गुंडाळलं.

"घाण्याला जुंपायला ती बैल हाय काय, साहेब?"

आणि निघाले. शाळेचं अनुदान गेलं असं मी धरूनच चालले होते. पण साहेब मागाहून मला म्हणाले, की त्या गृहस्थांचं बरोबर आहे, मी स्वतः वीस वर्षं पुढेमागेच करतो आहे. त्या साहेबी टोपीखालच्या माणसाची मला पहिल्यांदाच दया आली.

आता मुद्द्याचं सांगते. ओसरीवर जुन्या दाराची एक फळी दोन घडवंच्यांवर ठेवलेली होती आणि तिच्यावर पत्र्याच्या पट्ट्यांचे रूळ. एक लांब रूळ, त्यावर पाच डबे. त्याला सांध्याजवळ, म्हणजे गाडी रूळ बदलते तिथे, फुटलेला एक आखूड रूळ, डबे बाजूला ठेवायला. आणि सांध्याच्या पुढे एवढीच जागा, की ठमी आणि तिच्यामागे तीन डबे उभे राहतील. पाच डब्यांत सगळ्यांत आतला, भिंतीकडचा डबा मिठाचा. तो सगळ्यांत बाहेर आणून दाखवायचा, बाकीचे कसेही लागोत, हे काकांचं कोडं. डब्याला हात लावायचा नाही. कड्या लावायच्या-सोडायच्या त्या छत्रीच्या काडीने, कारण गोदीत शंटरकडे तशीच आकडा लावलेली लांब काठी असते.

लोकांच्या घरी मुलगी बघायला आले की मुलीला गाणं म्हणायला सांगतात. काकांच्या घरी मुलाला हे कोडं घालत. सोडवलं तर पुढची बोलणी, नाही तर चहा घेऊन राम राम.

वत्सलाला तेव्हा चोविसावं लागलं होतं. गावाच्या हिशेबी हे फारच झालं होतं आणि बायका विहिरीवर तसं मोठ्याने म्हणत. मी तिथे असताना तीन मुलं येऊन गेली. पहिला पेणचा, हातात घड्याळ. त्याने दहा मिनिटं खटपट केली आणि मग मिठाचा डबा सरळ चिमटीत उचलून बाहेर ठेवला. काकांनी लाल झेंडी वर केली, ती त्याचं अख्खं बिऱ्हाड फाटकाबाहेर जाईपर्यंत खाली घेतली नाही. दुसऱ्याने ठमी विकणार का विचारलं. तिसरा बिचारा चिकट होता. दुपारी बसला तो दिवेलागणीपर्यंत बसला. घामाने सदरा भिजला, लाँच चुकली, आईने त्याला दोनदा हाक मारली. शेवटी तो उठला, माठातलं तांब्याभर पाणी प्यायला आणि चालू लागला.

मी गणित शिकवणारी. हे कोडं सुटत नाही म्हणजे काय? रविवारी मी पाच काड्यापेट्या घेऊन खोलीत बसले. मिठाचा डबा बाहेर निघत होता, त्यात अडचण नव्हती. पण तो निघाला की बाकीच्या डब्यांनी सगळी जागा अडवलेली, आणि त्याला जायला एकच ठिकाण उरायचं, जिथून आला तेच. बाजूच्या आखूड रुळावर दोनच डबे मावत होते. तिथे तीन मावले असते, तर कोडं पोरखेळ होता.

मग मी फळी जवळून बघितली. आखूड रुळाच्या शेवटी डबा पडू नये म्हणून लाकडी ठोकळा ठोकलेला होता. त्याच्या मागे बोटभर अंतरावर खिळ्यांची दोन जुनी भोकं होती, मेण भरून बुजवलेली.

पोस्टमनला मी सहज विचारलं. तो म्हणाला, पूर्वी हे कोडं गावात कुणीही सोडवायचं, त्याने स्वतः दोनदा सोडवलं होतं. पण वत्सलाला पहिलं स्थळ आलं, त्या महिन्यापासून हात बसेना.

मला राग आला. खराच आला. गाडी लावून द्यायची आणि मागं फिरायचं असं जगाला सांगणारा माणूस स्वतःच्या मुलीचा डबा बोटभर ठोकळा सरकवून अडवून धरत होता. मी तडक स्वयंपाकघरात गेले आणि वत्सलाला सगळं सांगितलं. ती विळीवर नारळ खोवत होती. तिने खोवणं थांबवलं नाही.

"म्हायती हाय मना," ती म्हणाली. "दोन वर्सां झाली."

मी तोंडात बोट घालायचंच काय ते राहिलं. मग गप्प का बसलीस, असं विचारल्यावर तिने वाटी उलटी करून ताटात आपटली. त्या तिघांतला एक तरी मना पायजे होता काय, असं तिने मलाच विचारलं. आणि मग खाली बघून सांगितलं, की चौथा येणार आहे तो पाहिजे आहे.

चौथा म्हणजे रेवस बंदरावर लाँचची तिकिटं देणारा कारकून. ठमीसाठी मुंबईहून पत्रा, तारा, रंगाच्या डब्या येत, त्या बंदरावर उतरत. पूर्वी हे पार्सल बैलगाडीतून यायचं. वर्षभरात कधीतरी ते सायकलवरून यायला लागलं, कारकून स्वतः घेऊन. पावतीवर सही करायला वत्सलाला फार वेळ लागतो हे माझ्या लक्षात आलं होतं, पण मी ते तिच्या शिक्षणाच्या खात्यावर टाकलं होतं. आता त्याच्या मामाने रीतसर निरोप धाडला होता. रविवारी बघायला येणार.

शनिवारी दुपारी काका जेवून आडवे झाले. वत्सलाने नारळ सोलायचा कोयता घेतला, मी फळी धरली. ठोकळा सुटला, मेण निघालं, आणि दोन्ही खिळे जुन्या भोकांत गेले. एक जरा वाकडा बसला. मी फळी धरून सारखी दाराकडे बघत होते. सरकारी नोकरीतली बाई, घरमालकाच्या रुळाची मोडतोड करताना सापडले असते तर कुठली बदली मिळाली असती कुणास ठाऊक. वत्सलाचा हात मात्र स्थिर होता. शंटरची पोर.

रविवारी कारकून आला. खाली मान, स्वच्छ धुतलेला पायजमा, बरोबर मामा. काकांनी काडी त्याच्या हातात दिली आणि कोडं सांगितलं. त्याने ठमीला हात लावायच्या आधी विचारलं, की मिठाचा डबा भरलेला आहे की रिकामा.

काकांनी त्याच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. तीन मुलांपैकी हे कुणी विचारलं नव्हतं. भरलेला, म्हणाले.

"मंग सावकाश घ्यायला होवा," तो म्हणाला.

आणि घेतला सावकाश. ठमी तीन डबे घेऊन पुढे आली, बाजूच्या रुळावर दोन ठेवले, एक घेऊन परत गेली, उरलेले दोन ओढून आणले. आता मिठाचा डबा टोकाला होता. त्याने ठमी उलटी घातली. मिठाचा डबा आखूड रुळावर गेला, दोन डब्यांना लागला, ते दोन बोटभर मागे सरकले आणि ठोकळ्याला टेकले. टक्.

तो आवाज काकांना बरोबर कळला. तीस वर्षं आवाजावर काम केलेला माणूस. त्यांची मान ठोकळ्याकडे वळली, तिथून वाकड्या खिळ्याकडे, तिथून दाराआड उभ्या वत्सलाकडे. ती छपराची कौलं मोजत होती. मग माझ्याकडे. मी रिकाम्या कपातला चहा पीत होते.

बोलणार काय? ठोकळा हलवला म्हणावं, तर आधी कुणी हलवला होता हे निघालं असतं. मामा समोर बसलेले. बिचारा कारकून आपल्याच नादात राहिलेले दोन डबे लांब रुळावर ठेवून आला, बाजूचे तिन्ही डबे ओढले आणि लांब रुळावर लावले. मिठाचा डबा सगळ्यांत बाहेर, ठमीच्या नाकाला लागून. त्याने कडी सोडली, काडी खाली ठेवली आणि कपाळ पुसलं.

काकांच्या काखेत दोन्ही झेंड्या गुंडाळलेल्या होत्या. त्यांनी एक उपसायला इतका वेळ लावला की मामा खाकरले. मला वाटलं, संपलं. वत्सलाला आता पंचविसावं लागेल, सव्विसावं लागेल.

हिरवी निघाली.

"गाडी लागली," काका म्हणाले, आणि आत जाऊन चूळ भरायला लागले. फार वेळ चूळ भरत होते.

संध्याकाळी मी ओटीवर वह्या तपासत होते. ते येऊन फळीपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, एक खिळा वाकडा ठोकलाय."

मी म्हटलं, वत्सलाला सवय नाही. ते हूं म्हणाले आणि हातोडीने खिळा सरळ करून गेले. या विषयावर आमचं एवढंच बोलणं झालं.

लग्न झालं. कारकुनाची बदली लाँचच्या मुंबईच्या कचेरीत झाली होती, तेव्हा वत्सलाला मुंबईला जायचं होतं. निघायच्या सकाळी काकांनी ठमीच्या पाठीवरचं पितळी झाकण काढलं, करंड्यावर बसवलं आणि करंडा वत्सलाच्या ओटीत ठेवला. ठमीला त्यांनी सदऱ्याचं बटण चिकटवलं. फारच केविलवाणी दिसत होती, आणि ते बघून मला रडू आवरेना. वत्सला तर आधीपासूनच रडत होती.

रेवसच्या धक्क्यावर सगळं गाव. काका पार टोकाला जाऊन उभे राहिले, हातात हिरवी झेंडी. लाँच काही झेंडीवर सुटत नाही, ती चालवणारा तांडेल घंटा देतो आणि दोर सोडतो. हा तांडेल काकांची एरवी फार टर उडवायचा. त्या दिवशी माणसं चढली, सामान चढलं, घंटा झाली, आणि तो दोराला हात न लावता काकांच्या झेंडीकडे बघत बसला. काका झेंडी वर करीनात. लोक कुजबुजायला लागले. ओहोटी लागली होती, लाँच उशिरा निघाली तर गाळात बसली असती, हे तांडेलाला कळत होतं तरी दोर तसाच होता. शेवटी झेंडी वर गेली. काकांनी गळ्यातली शिट्टी तोंडाला लावली, पण आतून नुसतीच हवा आली. तेव्हा तांडेलाने लाँचचा भोंगा दिला, लांबलचक. त्यांच्याऐवजी दिला असंच मला वाटलं.

त्यानंतरचे चार महिने अंगणात झेंडी नव्हती. म्हैस आणि पोस्टमन एकदमच जात-येत होते. भाजी मी टाकायची, भात ते टाकायचे. फळीवर धूळ बसली.

दिवाळीला वत्सला माहेरी आली. सण उरकल्यावर जावई न्यायला आले. दुपारच्या लाँचने जायचं म्हणून तिची पेटी ओसरीवर आणून ठेवलेली. काका म्हणाले, निघा की, पण पाच मिनिटं आहेत, तेवढ्यात एकदा ठमी चालवून दाखवा, बघून बरेच दिवस झाले. जावई आनंदाने बसले. फळी पुसलेली होती, ठमीला चावी दिलेली होती. मिठाचा डबा परत पार आत, भिंतीशी.

दुपारची लाँच गेली. जावई म्हणाले, हात बसत नाही हो, सवय मोडली. दुसऱ्या दिवशी दोन्ही लाँच गेल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी कचेरीत तार केली, की तब्येत बरी नाही. काका फाटकात उभे राहून म्हशीला हिरवी झेंडी दाखवत होते आणि शीळ घालत होते.

मी पहिल्याच दिवशी जाऊन ठोकळ्यामागे बघितलं होतं. दोन भोकं, ताजं मेण. जावयाला सांगावं असं मनात आलं, खोटं कशाला बोलू. पण तेवढ्यात वत्सलाने मला स्वयंपाकघरातून खुणेने बोलावलं. ती चुलीपुढे पाय पसरून करंजी खात बसली होती. तिने माझ्यापुढे डबा सरकवला, आणि मी पण बसले.

चौथ्या दिवशी दुपारी, काका आडवे झाल्यावर, तिने कोयता घेतला.